बचनाग, मी आणि तात्यांची पुडी

बारामती व इंदापूर तालुक्यांतील समस्त गुडघेदुखीग्रस्त बंधू-भगिनींना गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, एका मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता बारामतीच्या एका खासगी दवाखान्यात माझ्या हृदयाने माझ्याशी असलेले बावन्न वर्षांचे संबंध तोडले. पुरावा म्हणून ईसीजीची पट्टी उपलब्ध आहे.

ती पट्टी बघून डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया." म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे वरच्यांचं न ऐकता सुसाट धावायला लागतात. मग त्यांनी विचारलं, "काही औषध घेतलं होतं? चूर्ण, झाडपाला?"

मी मान हलवली. नाही.

आमच्या भागातले एक म्हातारे वैद्य मला गुडघ्यासाठी गोळ्या देत. त्यांत शुद्ध केलेला बचनाग असे. बचनाग म्हणजे हिमालयाकडून येणारं मूळ, जातिवंत विष. वैद्य ते फडक्यात बांधून दुधाच्या भांड्यात लोंबकळत ठेवत, तासन्‌तास उकळत आणि स्वतः राखणीला बसत. त्या गोळ्यांनी मला गुण आला, हे मी नाकारत नाही. वैद्य वारले. मला वाटलं, आपण एवढं बघितलंय, आपल्याला येतंच की.

काष्ठौषधीच्या दुकानातून मुळं आणली. बायको, सुनंदा, माहेरी गेली होती, म्हणून गोठ्यातल्या चुलीवर भांडं चढवलं. तेवढ्यात भाऊबंदातले दोघे आले. समोर दोन माणसं दिसली की मला गोष्ट सांगावी लागते. गोष्ट संपली तेव्हा चूल कधीच विझली होती आणि दूध गार पडलं होतं. मी मूळ बाहेर काढलं, हुंगलं आणि जाहीर केलं, "झालं शुद्ध." श्रोत्यांनी माना डोलावल्या.

सुनंदा परत यायच्या आत वाळवून, कुटून पुड्या बांधल्या. त्यांतल्या अर्ध्या पुड्या भवानीनगरला राहणाऱ्या थोरल्या भावाला, तात्यांना, दिल्या. तात्या साखर कारखान्यात फिटर होते; त्यांचे गुडघे माझ्याहून वाईट. म्हणाले, "मंगळवारी मोरगावला गणपतीला जाऊन येतो, मग सुरू करतो." ट्रॅक्टर असो की औषध, ते असंच सुरू करतात.

मी कुठला थांबतोय? त्याच मंगळवारी सकाळी पहिली पुडी घेतली. थोड्याच वेळात ओठांना मुंग्या आल्या, मग जीभ बधिर झाली.

"सुनंदा, जीभ गेली माझी."

ती भाकरी थापत म्हणाली, "बरं झालं. आज गाव तरी निवांत जेवंल."

तिचा दोष नाही. याआधी मी घरात चार वेळा मेलो आहे आणि दर वेळी तिला चहा ठेवावा लागला आहे. पुढे उलट्या झाल्या, घामाने बनियन भिजली, हात स्वतःचे वाटेनात. तेव्हा तिने गाडी बोलावली.

आणि दवाखान्यात मी 'नाही' म्हणालो. उशाशी सुनंदा उभी होती. गप्पा हाणत विष शुद्ध करणारा शहाणा तो हाच, असं गावभर झालं असतं. त्यापेक्षा हार्ट अटॅकला इज्जत आहे.

तपासण्या झाल्या. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाचा स्नायू दुखावला की रक्तात वाढणारं प्रथिन, ठीक निघालं. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तीही ठीक. मॅडम बुचकळ्यात पडल्या.

"खरंच काही घेतलं नाही?"

"न्हाय, मॅडम."

समोर भिंतीवर घड्याळ होतं. मोरगावहून निघून, बारामतीला एसटी बदलून तात्या साडेबारापर्यंत घरी पोचणार होते आणि पुडी सोडणार होते. त्या गडबडीत तात्यांची आठवणच राहिली नाही, असं मी लोकांना सांगतो. ते खोटं आहे. मी काटा बघत होतो. एसटी चुकेल, त्यांना बाधणार नाही, आज ते विसरतील, असं एकेक मनाला सांगत होतो. अकरा वाजले. बारा वाजले.

साडेबाराला सुनंदाचा फोन वाजला. ती माझ्याकडे वाकली. "तात्यांचा हाय. इचारत्यात, पुडी पाण्यातनं घ्यायची का दुधातनं? कसली वो पुडी?"

मी बोलायला गेलो, तर जड जिभेतून नुसता घोगरा आवाज निघाला.

"अवो, सोंगं पुरं. तात्या ताटकळल्यात."

मी छातीवरच्या वायरी ओढल्या. मॉनिटर किंचाळला, मॅडम धावत आल्या आणि तेव्हा कुठे शब्द फुटला. "बचनाग हाय त्यात. घेऊ नका म्हणावं."

मॅडमनी सुनंदाच्या हातातून फोन घेतला. "पुडी खाली ठेवा. हात धुवा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे सव्वानऊला कळायला हवं होतं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

त्यांनी समजावलं, की बचनागात अ‍ॅकोनिटिन असतं. सोडियम चॅनल हे पेशीचं दार. अ‍ॅकोनिटिन ते उघडंच ठेवतं, म्हणून नसा बधिर होतात आणि हृदय भरकटतं. यावर नेमका उतारा नाही. अमिओडॅरोन, म्हणजे ठोक्यांना लगाम घालणारं औषध, शिरेतून द्यायचं आणि वाट बघायची. दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या सकाळी ठोके ओळीत आले. त्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर पुडी खिशात घालून न्या आणि पहिल्याच प्रश्नाला खरं बोला. डॉक्टर हसतील, फार तर.

चौथ्या दिवशी मला साध्या वॉर्डात हलवलं आणि तात्या भेटायला आले. मी रंगात आलो होतो. वायरी कशा उपटल्या, तात्यांना कसं वाचवलं, हे शेजारच्या खाटांना साभिनय दाखवत होतो. खाटा हसत होत्या. तात्या हसत नव्हते.

"कितीला आणलं हुतं तुला?" त्यांनी विचारलं.

"सव्वानऊला."

"आन् मी फोन केला साडेबाराला."

तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"म्हंजी तुला तुजी लाज माज्यापरीस मोठी वाटली व्हय रं?"