रुमालाखालचा भाव

शेजारच्या सुनेनं सर्व्हेचं काम धरलं होतं. मोबाइल घेऊन घरोघरी जायचं अन् विचारायचं, बॅटरीचा फवारणी पंप किती रुपयाले महाग वाटते, किती रुपयाले परवडते. साठीच्या वरचा, स्वतः फवारा मारणारा एक शेतकरी तिले कमी पडत होता. तो मिळाला नाही तर गावातलं तिचं सगळंच काम कंपनी नाकारणार होती. म्हणून ती माह्याकडे आली.

माह्या ओट्यावर तिचा सासरा अन् आणखी दोघं-तिघं बसलेले.

"काकाजी, किती रुपयाले महाग वाटन?"

शाळा दुसरीत सोडली, पण धाडच्या बाजारापासून साखरखेर्ड्याच्या बाजारापर्यंत बैलांचे सौदे मी जन्मभर केले. भाव तोंडानं सांगायचा नसते. रुमालाखाली समोरच्याचा हात धरायचा अन् बोटं दाबून आकडा कळवायचा. चार माणसांत मी कधी आकडा काढला नाही, अन् एका पंपासाठी काढणार नव्हतो.

"बोल ना बे, पोरीचं काम अडलं," तिचा सासरा म्हणाला.

"तुह्यासमोर सांगणं म्हणजे गावात भोंगा लावणं."

"मंग घरात येऊन कानात सांगा, काकाजी."

"तोंड ते तोंडच."

पोरीचा चेहरा उतरला. पण दुसऱ्याच्या सुनेचा हात कसा धरणार? मी बायकोले हाक मारली. घरात पाव्हणे असले की बाजारातला भाव मी तिले बोटांनीच सांगत आलो. तिले जवळ बसवलं, हातावर रुमाल टाकला अन् बोटं दाबली.

"हजार का शेकडा?" ती सगळ्यांदेखत बोलली.

ओटा हसला. तिची चूक नव्हती. बोटांत शून्य नसते. बैल म्हटला की हजार धरायचे, पंपाचा सौदा तिनं कधी पाह्यला नव्हता. मी पुन्हा दाबून समजावलं. तिनं पोरीच्या कानात सांगितलं, पोरीनं मोबाइलवर टिपलं. मंग परवडते किती, मंग किती स्वस्त झाला तर माल खोटा वाटन. हात रुमालाखालीच.

"बायकोचा हात धरून बसला बे बुढा," ओट्यावरचा एक जण म्हणाला.

"सौदा चालू हाय. मधात बोलू नको."

"झालं काकाजी, घेतलं मोबाइलनं," पोरगी म्हणाली. तिचं काम सुटलं.

ते आकडे मी कोणाले सांगितले नाहीत, इथंही काढणार नाही. सौदा पटला की हात लगेच सोडायचा, ही आमची रीत. त्या दिवशी मी जरा उशिरा सोडला. बायकोनंही ओढून घेतला नाही.