गंजभर वाटाण्याची भाजी

आमच्या घरी वाटाणे टिकत नाई, वाटाण्याचे किस्से टिकतात. दरसाल दिवाळीनंतर मी मागच्या वाडीत चार वाफे पेरतो, वेलांले काड्या रोवतो, आणि शेंगा भरल्या की घरात एक नवा तमाशा होते. शेंगा संपतात, तमाशा राहते. आता इतके साचले की कोणता कोणत्या साली झाला ते मलेच सांगता येत नाई.

सगळ्यांचं मूळ एकच. बुढीले, म्हणजे माझ्या बायकोले, गंजभर, म्हणजे मोठं पातेलंभर, वाटाणा-वांग्याची भाजी करायची आहे. चामोर्शीले तिच्या माहेरी व्हायची तशी. लग्न होऊन आली तवापासून म्हणून राह्यली. बाजारातून आणून देतो म्हटलं, तर म्हणते, घरच्या वाडीत असून बाजारचे कायले? बरोबर आहे. पण घरचे वाटाणे चुलीपर्यंत कधी पोचलेच नाई.

त्याले कारण आमच्या बापाचा कायदा. वाडीत उभ्यानं खाल्लं तर ती चोरी नाई. खिशात, पदरात घालून नेलं तर चोरी. बाप चांगला माणूस होता, पण कायदा करताना त्यानं डोकं लावलं नाई.

*

आमचा जवाई माजरीले कोळसा खाणीत कामाले आहे. अंगानं दांडगा, बोलायले गरीब. एका संक्रांतीले आला तर बुढीनं त्याच्या हाती टोपली दिली, शेंगा तोडून आणा म्हणाली. तास गेला, दीड तास गेला. मले वाटलं, हा इथीबी खाण खोदून राह्यला का काय.

शेवटी आला. टोपली काठोकाठ. बुढी खुश. कांदा चिरला, तेल तापवलं, पहिली शेंग सोलली. रिकामी. दुसरी रिकामी. पठ्ठ्यानं दाणे खाऊन एकेक टरफल परत मिटवून टोपलीत नीट रचलं होतं!

मी विचारलं, हे काय? मान खाली घालून म्हणाला, "मामाजी, वाडीत कचरा नको म्हून."

*

मग मी शहाणपणा केला. तोडायचं काम माझं, सोलायचं बाईचं. बाई म्हणजे माझी थोरली बहीण, आमच्याकडेच राहते. तोंडात एक दात नाई. म्हटलं, हे काय खाईल?

बाईनं पान कुटायचा खलबत्ता जवळ घेतला. मी समजलो पान कुटते. पण त्यात गेले वाटाणे, मीठ आणि एक हिरवी मिरची. जो जवळून जाईल त्याच्या तळहातावर चिमूटभर ठेवून म्हणे, चव पाहा. घरात सगळ्यांचीच ये-जा वाढली.

मी रागवायले गेलो. तिनं माझ्याबी हातावर ठेवलं. आता खोटं कायले बोलू, मी तिथून तीनदा गेलो.

बुढीनं रिकामा गंज पालथा घातला आणि म्हणाली, "चोरावर पहारा बसवला, अन् पहाऱ्यावर दुसरा चोर."

*

एकदा शेजारच्या महादूची शेळी वाडीत घुसली. एक अख्खा वाफा साफ. मी तिचा कान धरून महादूच्या दारात नेली आणि त्याले जे बोलायचं ते बोललो. त्यानं तंबाखू मळली. मग म्हणाला,

"भाऊ, शेळीनं उभ्यानंच खाल्लं ना?"

आठ दिवस मी त्याच्याशी बोललो नाई.

*

वानरांचा त्रास वेगळाच. जंगल लागूनच आहे, टोळीच्या टोळी येते. कोणीतरी सांगितलं, वाघाले भेतात. अहेरीच्या बाजारातून कापसाचा वाघ आणला, चांगला कुत्र्याएवढा, आणि वेलांमधी बसवला. पहिल्या दिवशी वानरं दुरून पाहून गेली. दुसऱ्या दिवशी एक त्याच्या पाठीवर बसून शेंगा खात होतं.

पण महादू भेला. दिवेलागणीले शेतातून येताना त्याले तो दिसला. त्यानं मोबाईलमधी फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत अर्धं गाव काठ्या, टॉर्च, डबे घेऊन माझ्या वाडीत. आमच्याकडं वाघ म्हटलं की कोणी हसत नाई, म्हून मीबी काही बोललो नाई. शेवटी पोलीस पाटलानं काठीनं ढोसलं तर पोटातून कापूस आला.

मग सगळे तिथीच उभ्यानं हसत राह्यले. चाळीस माणूस, शेंगांनी लदलेले वेल, आणि बापाचा कायदा. सकाळी वाडीत फक्त वाघ उरला.

*

यंदा बुढीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं सांगितलं, महिनाभर वाकायचं नाई, चुलीपाशी जायचं नाई. काळा चष्मा लावून खाटेवर बसली होती. मी धानाच्या पेंड्या बांधत होतो. भांडणासाठी नाई, सहजच म्हणाली, "या सालचेबी गेले म्हणा वाटाणे."

मले त्या दिवशी जेवण गेलं नाई.

रात्रीच फोन करून सगळ्यांले सकाळी बोलावलं. म्हटलं, ज्याचं तोंड हललं त्याले काठी. जवाई पहिल्या बसनं आला आणि आपणहून तोंडाले दुपट्टा बांधून शेंगा तोडायले लागला. बाईनं सोललं, मी समोर बसलो. गंज भरला. इतके दाणे एका जागी मी पहिल्यांदा पाहिले.

भाजी मीच केली. जन्मात चहा केला नाई, पण कोणाले हात लावू दिला नाई. वांगे घातले, तिखट घातलं. मीठ टाकलं का नाई ते आठवेना, म्हून टाकलं. थोड्या वेळानं परत आठवेना.

पहिलं ताट बुढीले दिलं. सगळे भवती उभे. तिनं भात कालवला, पहिला घास घेतला. थांबली. मग हळूहळू खात राह्यली. मधी एक गिलास पाणी प्याली. मग आणखी एक.

मी विचारलं, "चामोर्शीवानी झाली का?"

"झाली," म्हणाली, आणि परत वाढून मागितली.

मग मी माझ्या ताटातला एक घास तोंडात घातला. तसाच उठलो आणि तिच्या हातातलं ताट ओढायले गेलो. सोडेना. दोन्ही हातांनी धरलं होतं.

"बसा जी तुम्ही," म्हणाली. "जेवू द्या मले."