माघार फक्त एका वाक्याची

पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून त्या पुन्हा चालत्या करायच्या, हे ठिणगीचं काम. मामाच्या दुकानात ती सात वर्षं तेच करत होती. नाव मात्र कामावरून नाही, जिभेवरून पडलं होतं. मनात आलं की ओठावर आलंच. मामा म्हणायचा, "पोरी, तुझ्या तोंडालाही एक फ्यूज बसवायला हवा."

चौघांची दोस्ती शाळेपासूनची. ठिणगी, पार्लरवाली, वायरमन आणि दातांच्या दवाखान्यात नंबर देणारी साखर. ही साखर नकारसुद्धा इतका गोड द्यायची की ऐकणारा आभार मानून जायचा.

पार्लरवालीने स्वतःचं पार्लर काढलं. वायरिंग वायरमनने मैत्रीखातर करून दिलं. उद्घाटनाच्या सकाळी पाहुणे जमले. पहिलं गिऱ्हाईक म्हणून पार्लरवालीची आत्या केस धुवायला बेसिनपाशी बसली. ठिणगीची नजर सवयीने गिझरकडे गेली. तिने पर्समधला टेस्टर काढून गिझरच्या पत्र्याला लावला. टेस्टरमधला दिवा लागला, म्हणजे पत्र्यात करंट उतरला होता.

ती धावली आणि मेन स्विच खाली ओढला. पंखे, गाणी, सगळं बंद.

"कुणी नळाला हात लावायचा नाही! अर्थिंगच नाही इथे. हे काम हाताने केलंय की पायाने?"

वायरमनचा चेहरा पांढराफटक पडला. "मला बाजूला घेऊन सांगता आलं नसतं?"

"आणि तेवढ्यात आत्यांनी नळ सोडला असता तर?"

तो निघून गेला.

दोन दिवसांनी साखरेच्या खोलीत पंचायत बसली. वायरमन आलाच नाही.

"सॉरी म्हणून टाक गं," साखर म्हणाली. "जीभ झिजणारे का तुझी?"

"म्हणते की. पण कशाबद्दल? आत्या धडधाकट राहिल्या त्याबद्दल?"

पार्लरवालीचे डोळे भरले. "तू बरोबरच होतीस. पण त्याने आठ दिवस राबून फुकट काम केलं होतं, आणि तू चारचौघांत त्याची लाज काढलीस."

हे मात्र ठिणगीला लागलं. दुसऱ्या सकाळी ती एकटीच वायरमनच्या दारात उभी राहिली.

"ते हातापायाचं बोलले, ते चुकलं. तेवढं मागे घेते. स्विच मात्र उद्याही ओढेन, परवाही ओढेन."

"माफी मागायची ही पद्धत झाली?"

"माझी हीच. गोड ऐकायचं असेल तर साखर आहेच."

दार बंद झालं. जिना उतरताना तिला रडू आलं. तारेला सोल्डरिंगचा डाग द्यायला यानेच तिचा हात धरून शिकवलं होतं. पण ती परत वर गेली नाही.

पार्लरवालीने मग तिलाच बोलावून अर्थिंग करून घेतलं. काम होईपर्यंत साखरही येऊन बसली होती. शेवटी आरशासमोर उभी राहून पार्लरवालीने विचारलं, "हा नवा कट कसा दिसतोय? खरं सांग."

"कान सुपाएवढे दिसतायत."

साखरेने डोळे मिटून घेतले. पार्लरवाली खो खो हसत सुटली.

वायरमन अजून बोलत नाही. ठिणगी समोरून येताना दिसली की तो फुटपाथ बदलतो. ती बदलत नाही.