कॉलम कुणी उभा केला

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या विद्यापीठात केमिकल इंजिनीअरिंगचा विभाग निघाला, तेव्हा विभाग म्हणजे पत्र्याची एक शेड होती. पहिल्या बॅचमध्ये मुलगी मी एकटीच. पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातली, मिठागरात राबणाऱ्या आईबापांची.

प्रॅक्टिकलला काहीच नव्हतं. रोह्याच्या एका बंद पडलेल्या कंपनीनं भंगारात काढलेला डिस्टिलेशन कॉलम दिला. मिसळलेले द्रव तापवून वेगळे करणारं ते उंच नळकांडं आतून पार गंजलेलं. पावसाळाभर मी आणि वर्गातली चार मुलं ते घासत बसलो. सांध्यांतून गळू नये म्हणून बसवायचे गॅस्केट मी कापले, बोल्ट मी आवळले, गळती थांबेपर्यंत पुन्हापुन्हा चाचणी मीच घेतली. विभागप्रमुख सर कधीतरी दारातून डोकावून जायचे.

उद्घाटनाला पाहुणे आले. सरांनी माझ्या हातात औक्षणाचं ताट दिलं आणि भाषणात सांगून टाकलं की हा कॉलम त्यांनी स्वतः उभा केला. दुसऱ्या दिवशी मी विचारायला गेले, तर भर वर्गात म्हणाले, "मिठागरातली ना तू? पाणी आटवायला घरीच शिकलीस की. तुला कशाला हवाय कॉलम?"

वर्ग हसला. माझ्याबरोबर गंज घासणारे चौघेही हसले.

आईला सांगितलं, तर तिनं हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाली, "आता गप ऱ्हा गो. त्याला तुझ्या दारात येऊ दे."

मी गप्प राहिले. पदवी घेतली, रोह्याच्या एका कंपनीत लागले, पेणहून गाडीनं ये-जा करत शिफ्टा केल्या. सर समोर आले तर काय बोलायचं ते वाटेतल्या नागोठण्यापर्यंत मनात घोटायचं आणि पुढे रोह्यापर्यंत त्याला धार लावायची, हा माझा रोजचा प्रवास.

दशक संपत आलं तेव्हा ते आलेच. विभागातल्या मुलांना ट्रेनिंगला कुणी घेईना, आणि आमच्याकडे ती निवड माझ्या हातात होती. सोबत अख्खी बॅच. "ही माझी विद्यार्थिनी," असं त्यांनी कौतुकानं सांगितलं. मी सगळ्यांना प्लांटमधल्या कॉलमखाली नेलं.

"सर, मुलांना विभागाचा इतिहास सांगा ना," मी म्हटलं. "तिथला पहिला कॉलम कुणी उभा केला?"

ते हसले. मी हसले नाही. मुलं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी ते पुटपुटले, "या मॅडमनी."

"मागच्यांना ऐकू नाय आलं, सर."

त्यांनी मोठ्यानं सांगितलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी नजर हलवली नाही.

मुलं मी सगळी घेतली. त्यांचा काय दोष? सरांनी मात्र आमच्या मॅनेजरकडे तक्रार केली. माफीचे दोन शब्द लिहून दे, विषय मिटेल, असं मॅनेजरनी समजावलं. मी नाही म्हटलं. त्या वर्षीची बढती हुकली. तरी ती दुपार आठवली की आजही मला गाढ झोप लागते.