सात भाच्यांचे पार्सलबाबू

महायुद्धाच्या काळातल्या एका सोमवारी, सकाळच्या खंडवा पॅसेंजरने, बुऱ्हाणपूर स्टेशनवरून भाकरीची सात गाठोडी बिनपावतीची गेली. त्या दिवसानंतर तिथले पार्सलबाबू स्टेशनवर दिसले नाहीत.

त्यांचे नाव मी देत नाही. चार वर्षांत त्यांनी मला सर्वांत जास्त वेळा ऐकवलेले वाक्य होते, "छापू नका हो." हे म्हणण्याआधी ते डावीकडे पाहत, मग उजवीकडे, मग छताकडे. छतावर फक्त कबुतरे असत. तुम्हीही एखाद्या कचेरीत असा माणूस पाहिला असेल. गजांची खिडकी त्याच्याच ताब्यात असते, पण गजाआड तोच आहे असे वाटत राहते.

मी तेव्हा नागपूरच्या एका पत्राचा वार्ताहर होतो. बातम्यांचा लिफाफा टपालाच्या डब्यात द्यायला रोज स्टेशनवर जाई. म्हणून सोमवारची गाठोडी माझ्या नजरेस पडली.

प्रकार साधा होता. जवळच्या जसोंडी आणि खकनार या गावांकडची काही मुले इंदूरला, होळकर संस्थानात, कॉलेजात शिकत होती. घरची कपाशी आणि ज्वारी. हुशार मुलाची फी माफ होत असे, पण इंदुरात रोज जेवायचे कसे, ते ज्याचे त्याने पाहायचे. खानावळ परवडत नव्हती. पहिल्या वर्षी दोन मुले दिवाळीला घरी आली ती परत गेलीच नाहीत. तेव्हापासून पार्सलबाबूंनी आयांना सांगितले, दर सोमवारी भाकरी बांधून आणा. ते ती गाठोडी गार्डाच्या डब्यात चढवत. खंडव्याला गाडी बदले. तिथे ओळखीचा एक हमाल ती इंदूरच्या छोट्या गाडीत ठेवी. रेल्वेच्या नियमात हे बसत नव्हते. नोकरी जाण्याइतका हा गुन्हा होता, हे त्यांना पाठ होते आणि ते मला वारंवार म्हणून दाखवत.

गाठोड्यांवर नावे नसत. आई आपल्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात भाकरी बांधी, मुलगा काठ ओळखे. रिकामी फडकी गुरुवारच्या गाडीने परत येत. एक जरी कमी आले तर बाबूंचा चेहरा उतरे. "पोरगं आजारी असेल," ते म्हणत. "नाहीतर पकडलं असेल." कोणी आणि का, ते सांगत नसत.

ते प्रत्येक गाठोडे हुंगून पाहत. आत बंदी असलेली पत्रके असतील, अशी त्यांना धास्ती होती. एकदा एक गाठोडे जड लागले. त्यांनी गाठ सोडली तर आत ज्वारीचे पीठ निघाले. धान्य परवान्याशिवाय संस्थानात न्यायला तेव्हा बंदी होती. बाबू घामाने भिजले.

"बाई, मला जेलात घालता का?"

"पिठासाठी कोनी जेलात जाते का, बाबूजी?" जसोंडीची ती बाई म्हणाली. "भाकर चार दिसांत वाळून जाते. पोराले थापता येते."

"पीठ म्हणजे धान्यच. भाकरी म्हणजे जेवण. जेवणाला परवाना लागत नाही." मग आवाज आणखी खाली आणून, "निदान अजून तरी."

ते पीठ बाईंनी परत नेले. त्या आठवड्याला बाबूंनी स्वतःच्या डब्यातल्या चार पोळ्या त्या फडक्यात बांधल्या. मी पाहिले हे त्यांना कळले. "छापू नका हो," ते म्हणाले.

कोणी विचारलेच, तर काय सांगायचे याची ते दर सोमवारी माझ्यासमोर तालीम करत.

"म्हणेन, भाच्यासाठी आहे."

"सात भाचे?"

"मला बहिणी चार आहेत."

"आणि सगळ्यांची मुलं इंदुरात?"

यावर ते पावत्या चाळू लागत. दुसऱ्या सोमवारी पुन्हा भाच्यावरच येत.

हे सगळे का करता, असे मी एकदाच विचारले. "मीही कॉलेजात होतो," ते म्हणाले. "एक सत्र. पुढचं विचारू नका."

चौथ्या वर्षी जसोंडीचा मुलगा बी.ए. झाला. गावातला पहिला. त्याचे वडील म्हातारबा, पासष्टीचे शेतकरी, माझ्या घरी आले.

"सोमवारी टेशनावर या, साहेब. बाबूजींचा सत्कार करू राहिलो. फेटा आनला आहे. पेपरात आलं पाहिजे. पन त्याइले सांगू नका. ते नाही म्हनतील."

मी सांगितले नाही. बातमी चांगली होती.

सोमवारी मी पोचलो तेव्हा पार्सल ऑफिसात बाबूंच्या खुर्चीवर एक अनोळखी गृहस्थ बसले होते. भुसावळहून पहाटेच्या गाडीने आलेले तपासनीस. बाबू उभे होते. सात गाठोडी वजनकाट्याशेजारी पडली होती. बाहेरून ताशाचा आवाज आला. जसोंडीच्या तीन बैलगाड्या आवारात शिरत होत्या.

बाबूंनी माझ्याकडे पाहिले. "त्यांना थांबवा," ते पुटपुटले.

मी दारापर्यंत गेलो. म्हातारबा तोवर आत आले होते. त्यांनी बाबूंच्या डोक्यावर तांबडा फेटा बांधला, गळ्यात हार घातला. बाबू हलले नाहीत. मग म्हातारबांचे लक्ष खुर्चीकडे गेले. त्यांच्याकडे दुसरा हार होता. तो त्यांनी तपासनिसांच्या गळ्यात घातला.

"तुमचीच रेल्वे, साहेब. लई उपकार झाले. चार वरसं आमच्या पोराइची भाकर फुकटात नेली. दर सोमवारी. एक बी नागा नाही."

बायांनी टाळ्या वाजवल्या.

तपासनिसांनी हार काढून टेबलावर ठेवला. "चार वर्षं?"

"पुरी चार!" म्हातारबा अभिमानाने म्हणाले.

तपासनिसांनी काट्याकडे बोट केले. "ही कोणाची?"

आता खोटे चालणार नव्हते, हे खोलीतल्या सगळ्यांना कळले होते. म्हातारबांनाही तेव्हा कळले. त्यांचा हात तोंडावर गेला.

"माझ्या भाच्यांची, साहेब," बाबू म्हणाले.

"सात?"

"हो."

सिग्नल पडला. गाडी आत आली. बुऱ्हाणपूरला ती दोन-तीन मिनिटे थांबे. हमाल नेहमी गाठोडी उचलत असे. तो भिंतीला टेकून उभा राहिला. तपासनीस वही उघडून बसले. "कशाला हात लावू नका."

बाबूंनी डोक्यावरचा फेटा सोडला. म्हातारबा ओरडले, "बाबूजी, मानाचा फेटा हाये तो!" बाबूंनी तो सात गाठोड्यांच्या गाठींतून ओवला आणि दोन्ही टोके आवळली. गाठ दोनदा सुटली. "आधी गाडी, साहेब," ते म्हणाले. "माझं नंतर लिहा." ते ओझे ओढत निघाले. दाराशी अडखळले. म्हातारबांनी दुसरे टोक धरले.

मी हात लावला नाही. वार्ताहराने घटनेत हात घालू नये, असे मला शिकवलेले होते.

गाडी सुटली तेव्हा बाबू परत येताना माझ्याजवळ थांबले. डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. "छापू नका हो," ते म्हणाले. "गार्डाला लेकरं आहेत."

मी छापले नाही. मंगळवारी खिडकीत दुसरे बाबू होते. रेल्वे क्वार्टर आठवड्याच्या आत रिकामे झाले. बदली झाली की नोकरी गेली, हे मी स्टेशनमास्तरांना तीनदा विचारले. तिन्ही वेळा त्यांनी विषय बदलला.

गुरुवारच्या गाडीने सात फडकी परत आली. ती तांबड्या फेट्यात बांधलेली होती. फेटा धुतलेला होता. म्हातारबांनी फडकी घेतली आणि फेटा खिडकीमागच्या खुंटीवर टांगला. बाबूंची टोपी तिथे असायची. नव्या बाबूंनी तो काढला नाही.

पुढच्या सोमवारी म्हातारबा इंदूरचे तिकीट काढून त्याच सकाळच्या गाडीत बसले. त्यांच्या स्वतःच्या मुलाचे शिक्षण संपले होते. त्यांच्याजवळ सात गाठोडी होती.