डोकं पुढे, हात मागे

“तुमचा मुलगा आळशी नाही,” डॉक्टर म्हणाले. शाळेकडून, नातेवाइकांकडून मी ‘आळशी’ हा शब्द इतक्यांदा ऐकला होता, की मी डॉक्टरांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. त्यांनी हसून म्हटलं.

अमोघ तेव्हा तिसरीत होता. तोंडी गणितं पटापट सांगायचा; लिहायला बसला की पेन्सिलीने कागद फाटायचा. शर्टाची बटणं, सायकल, बुटांच्या नाड्या, सगळ्यांशी त्याचं हाडवैर. नाड्यांवर आम्ही तोड काढली होती. हैदराबादेत अबिड्सच्या दुकानांत तेव्हा वेल्क्रोचे बूट नव्याने येऊ लागले होते, ते घेतले. पण पेन्सिलीला वेल्क्रो कुठून आणणार?

शाळेने बजावलं होतं की वार्षिक परीक्षेचे पेपर पुन्हा अर्धे कोरे दिले, तर त्याला दुसऱ्या शाळेत घाला. हे आम्ही अमोघच्या कानावर पडू दिलं नव्हतं.

डॉक्टरांनी त्याला एका पायावर उभं केलं, मणी ओवायला दिले, चेंडू झेलायला लावला. मग नाव सांगितलं : डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर. म्हणजे बुद्धी शाबूत, हातपाय शाबूत, पण डोक्याने सांगितलेलं हाताला वेळेवर जमत नाही. “औषध नाही,” ते म्हणाले, “सराव आहे. ऑक्युपेशनल थेरपी सुरू करा.” म्हणजे रोजची साधी कामं हातांना नव्याने शिकवायची.

बरकतपुऱ्यातल्या थेरपी केंद्रात बाकावर बसून बसून मला तिथल्या सगळ्या आया ओळखीच्या झाल्या. थेरपिस्ट पद्मा तेलुगू, आमच्याशी हैदराबादी हिंदीत बोलायची. पहिल्याच दिवशी म्हणाली, “मॅडम, पेन्सिल अभी नक्को. मुग्गू डालने दो इसकू.”

मुग्गू म्हणजे रांगोळी. चिमटीतून बेताने पूड सोडायची, ठिपक्यांना वळसा घालत रेघ न्यायची. बोटं, मनगट, खांदा, डोळे, सगळे एकदम कामाला लागतात.

आमच्या तारनाक्याच्या कॉलनीत सकाळी दारोदारी बायका मुग्गू घालत. आमच्या दारात मुलगा बसू लागला. समोरच्या लक्ष्मीआंटींनी विचारलंच, “लडका मुग्गू डालता?”

“हौ आंटी. तुम्हारे दरवाजे पे भी भेजूं क्या?”

त्या तोंड वाकडं करून आत गेल्या. पण काही दिवसांनी त्याच अमोघशेजारी उकिडव्या बसून त्याला ठिपके मांडायला शिकवत होत्या. माणसं वाईट नसतात, त्यांना आधी बोलून घ्यायचं असतं, एवढंच.

सुरुवातीला रांगोळी कमी, ढिगारेच जास्त पडायचे. एकदा चिडून त्याने वाटी भिरकावली. पद्मा म्हणाली, “फेका तो भी हाथ चला ना.” संक्रांतीपर्यंत रेघ ठिपक्याभोवती वळू लागली. मग पेन्सिल आली. अक्षर वाकडंच राहिलं, पण कागद फाटेनासा झाला. वेग मात्र फारसा वाढला नाही. म्हणून मी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मुख्याध्यापिकांकडे गेले आणि पेपरला जादा वेळ मागितला.

“याला दिला तर बाकीचे पालक भांडतील,” त्या म्हणाल्या.

“भांडू देत. माझ्याकडे पाठवा. भांडणात मी कमी पडत नाही.”

त्यांना हसू आलं आणि त्यांनी अर्धा तास वाढवून दिला.

शेवटच्या पेपरला मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. सगळी मुलं पांगल्यावर अमोघ बाहेर आला, हात झटकत. “आई, सगळं लिहिलं. एकपण नाही सोडला.” मग हळूच विचारलं, “आता मला या शाळेतून काढणार नाहीत ना?”

त्याला सगळं माहीत होतं. इतके महिने तो ती भीती एकटा घेऊन शाळेत जात होता, रांगोळीला बसत होता.

“नाही काढणार,” मी म्हटलं, आणि मला रडू आवरेना.

तुमच्या घरी असं मूल असेल तर डॉक्टर गाठा, सराव करून घ्या, पद्मासारखं कुणी भेटलं तर देवाचे आभार माना. पण त्याआधी मुलाला जवळ बसवून सगळं खरं सांगा. त्याला ते बहुधा कळलेलंच असतं. सोबत तेवढी हवी असते.