दोनशे चार पायऱ्यांवरचा डबा

आमच्या प्रार्थनेला येणाऱ्या दोघीतिघींनी विचारलं, "तुझ्या दिराला तू काय खायला घातलंस गं? अर्धा झालाय." अर्धा काही झालेला नाही. साडेनऊ किलोंच्या वर थोडा उतरलाय. पण प्रत्येकीला तोंडी सांगत बसण्यापेक्षा लिहून काढलेलं बरं. रोजची वही माझ्याकडे आहेच. सकाळी देवापुढे हात जोडून झाले की आदल्या दिवशी काय केलं, काय शिजवलं, कोणाला टाकून बोलले, ते त्यात लिहायचं, हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. वहीत खोटं लिहायचं नाही, हा दुसरा नेम. तो एकदा मोडला. तेही पुढे येईल.

माझा दीर क्रेन चालवतो. रस्त्यावरची नव्हे. उंच इमारती बांधताना शेजारी लोखंडी मनोरा उभा करतात, त्याच्या टोकाला काचेची खोली असते, तिथे बसतो. दोनशे चार पायऱ्यांची उभी शिडी आहे. सकाळी सातला चढतो, दुपारी चारला उतरतो. जेवायला खाली येत नाही, कारण चढउतारात अर्धा तास जातो आणि तेवढा वेळ खालचे शंभर लोक हात बांधून बसतात. म्हणून डबा वरच. कामावर त्याला सगळे 'कावळा' म्हणतात. मी 'भावजी' म्हणते. लग्न करून आले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, सासूबाई आजारी होत्या, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं, "याला पोटभर घाल, म्हणजे हा कुठे जायचा नाही." मी घालत गेले. आज भावजी सत्तेचाळीस वर्षांचे आहेत. लग्न केलं नाही, मागच्या खोलीत राहतात, आणि खरंच कुठे गेले नाहीत.

बोलणं कमी. जमिनीवर त्यांचं कशातच मन लागत नाही. लग्नकार्यात गेले तर भिंतीला टेकून उभे. दुकानात पाठवलं तर अर्धं सामान विसरून येतात. पण वर बसलं की दोन टनांची तुळई अशी उतरवतात, की खाली ठेवलेला चहाचा पेला हलणार नाही. हे त्यांचा सिग्नलवाला सांगतो. तो खाली उभा राहून रेडिओवर सूचना देतो. नऊ वर्षं दोघं बरोबर आहेत. भावजींना तो पिवळ्या टोपीचा ठिपका म्हणून ठाऊक, त्याला भावजी आवाज म्हणून.

तर यंदाच्या तपासणीत नव्या सेफ्टीवाल्या बाईंनी नियम काढला. शिडी चढताना कमरेला जो पट्टा बांधतात, तो शंभर किलोंपर्यंतच झेलतो. संध्याकाळी भावजी उतरले, तसेच बूट, हेल्मेट, पट्ट्यासकट त्यांना गोण्या मोजायच्या काट्यावर उभं केलं. एकशे नऊ किलो चारशे ग्रॅम.

"नव्वद दिवस देते," बाई म्हणाल्या. "शंभराच्या आत या. नाहीतर गेटवर बसायचं, येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे."

घरी येऊन भावजींनी एवढंच सांगितलं आणि जेवायला बसले नाहीत. आमच्या यांना चेष्टेशिवाय चैन पडत नाही. म्हणाले, "धाकट्या, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडायची बघ एखाद दिवशी."

भावजी हसले नाहीत. मला म्हणाले, "वहिनी, गेटवर मी वेडा होईन."

मी म्हटलं, "मी वाढवलंय, मीच उतरवते. पण उपाशी राहायचं नाही हं. उपाशी माणसाने त्या शिडीवर पाऊल ठेवायचं नाही."

म्हणजे पोट तर भरलं पाहिजे, चारपर्यंत टिकलं पाहिजे, आणि अंगी लागता कामा नये. माझी शेजारीण दवाखान्यात परिचारिका आहे. तिने एक सूत्र सांगितलं: ज्यात पाणी आणि चोथा जास्त, ते पोट भरतं आणि अंगावर चढत नाही. मी ते देववाणीसारखं धरलं. पहिल्या सोमवारी डब्यात कोबी-गाजर-टोमॅटोचं पातळ सूप, दोन काकड्या आणि एक मोठी फोड कलिंगड दिलं. स्वतःवरच खूश होते.

भावजी संध्याकाळी आले ते तोंड पाडून.

"काय झालं? भूक लागली?"

"भूक नाही लागली."

"मग?"

"वहिनी, तिथे वर... सोय नसते."

मला कळायला एक क्षण लागला. दहा वाजता एकदा आणि साडेअकराला एकदा त्यांना लघवीला खाली उतरावं लागलं होतं. दुसऱ्या वेळी काँक्रीटची बादली हवेत लटकत राहिली. मुकादमाने रेडिओवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कावळ्या, आज पाणवठ्यावर मुक्काम आहे का?"

आमचे हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. मलाही हसू आवरेना. पण दुसऱ्या दिवसापासून सूत्र बदललं: पाण्याचं ते सगळं संध्याकाळी घरी, आणि वर न्यायचं ते घट्ट.

यानंतर जे जमलं ते लिहिते, कारण तुम्ही तेच विचारलंत. सकाळी सहाला ओट्स, पाण्यात शिजवून वर थोडं दूध आणि एका सफरचंदाच्या फोडी. सफरचंदाचा रस काढायचा नाही. रस दोन घोटांत जातो, सफरचंद चावायला दहा मिनिटं लागतात, आणि पोटाला चावण्याचा वेळही मोजता येतो असं माझं मत झालंय. डब्यात उकडलेले बटाटे. हो, बटाटे. मलाही पटत नव्हतं, बटाट्याची बदनामी फार. पण तळला नाही तर तो बिचारा साधा आहे. तीन मध्यम बटाटे मीठ, मिरपूड, लिंबू लावून दिले की भावजींना चार तास काही आठवत नाही. सोबत दोन उकडलेली अंडी, नाहीतर वाटीभर उकडलेला राजमा. पाणी काढलेलं घट्ट दही. तीनच्या सुमाराला चाळा म्हणून मक्याच्या लाह्या, तेलाशिवाय भाजलेल्या. डबा भरून दिसतात, वजनाला पिसासारख्या. त्यावरून मात्र सिग्नलवाल्याची तक्रार आली: "कावळ्या, रेडिओचं बटण दाबून खाऊ नकोस. माझ्या कानात खडी पडतेय."

रात्रीच्या जेवणाआधी वाडगाभर भाज्यांचं सूप. ते पोटात गेलं की पुढचा हात आपोआप आखडतो. त्यानंतर मसूर किंवा मासा आणि भरपूर शिजवलेल्या भाज्या.

घरच्या काट्यावर दर रविवारी वजन. भावजींनी हिशेब केला होता: बूट, हेल्मेट, पट्टा, जाड कपडे मिळून चार किलो. म्हणजे घरी शहाण्णव भरलं की गड जिंकला. सुरुवात एकशे पाच-चार, म्हणजे वर चारशे ग्रॅम, इथून. चार आठवड्यांत एकशे एकवर आले. मग काटा अडला. पाचवा आठवडा एकशे एक. सहावा एकशे एक. सातव्याला दोनशे ग्रॅम वर.

हे म्हणाले, "काटा गंजला असेल."

भावजी म्हणाले, "काट्याला काय बोल लावायचा." आणि आपल्या खोलीत गेले. त्या दिवशी ते गेटवरच्या माणसाबद्दल विचारल्यासारखं काहीतरी पुटपुटले: तो दिवसभर कोणाशी बोलत असेल?

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला बसले तर लक्ष लागेना. वही काढून मागची पानं वाचली. 'डबा: बटाटे ३, मीठ, मिरपूड, लिंबू.' पानामागून पान तेच. आणि तेव्हा मी वही मिटली. कारण पाचव्या आठवड्यापासून मी त्या बटाट्यांवर लोणी घालत होते. रोज एक चमचा, कधी दोन. थंड कोरडा बटाटा पाहून हात आवरत नव्हता. एवढ्याशाने काय होतंय, असं म्हणायचं आणि झाकण लावायचं. वहीत मात्र लोणी नाही. खोटं लिहिलं नव्हतं, पण खरं गाळलं होतं, आणि देवापुढे यात फरक असतो असं मला वाटत नाही.

संध्याकाळी भावजी हातपाय धुऊन येईपर्यंत मी दारातच उभी राहिले.

"भावजी, एक सांगायचंय. बटाट्यावर..."

"लोणी," ते म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दांडा बुळबुळीत लागायचा गं. जेवल्यावर क्रेनचा दांडा धरला की हात सरकायचा. फडकं न्यायला लागलो मी."

"मग बोलला का नाहीत?"

टॉवेल खांद्यावर टाकत ते म्हणाले, "मलाही कोरडा उतरत नव्हता. आणि तू घातलंयस म्हटल्यावर नाही कसं म्हणू? कधी म्हटलंय?"

खरंच, छत्तीस वर्षांत कधी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "आता म्हणायला शिका. मी काही जास्तीचं घातलं तर डबा तसाच परत आणायचा. माझी शपथ आहे." त्याच दिवशी लोण्याचं भांडं शेजारणीकडे देऊन टाकलं. बटाटा कोरडा लागू नये म्हणून त्यात घट्ट दही आणि बारीक चिरलेला कांदा कालवला. ते भावजींना लोण्यापेक्षा आवडलं, मग मला माझ्या एवढ्या पापाचा उगीचच राग आला.

काटा हलला. नव्व्याण्णव. सत्त्याण्णव-सहा. एकोणनव्वदाव्या दिवशी पंच्याण्णव-सात. भावजींनी काट्यावरून उतरून पुन्हा चढून पाहिलं. हे काही चेष्टा न करता म्हणाले, "जिंकलास, धाकट्या."

नव्वदाव्या दिवशी सकाळी मी डबा नीट भरला. दिवस मोठा होता, वर जास्त वेळ बसावं लागलं तर? तीनाऐवजी चार बटाटे, राजमा, दही, दोन सफरचंदं, पाण्याची बाटली. सगळं वहीत लिहिलेलं. लोणी नाही. पुढचं भावजींनी संध्याकाळी सांगितलं तसं लिहिते.

पहिली तपासणी झाली ती संध्याकाळी, रिकामा डबा सिग्नलवाल्याच्या हातात देऊन. ही सकाळी होती, चढण्याआधी. पाठीवर पिशवी. काट्यावर उभे राहिले तर एकशे एक किलो सहाशे ग्रॅम.

भावजींना काही उमजेना. सिग्नलवाल्याने पाठीवरच्या पिशवीकडे बोट दाखवलं. बूट मोजले होते, हेल्मेट मोजलं होतं, कमरेच्या पट्ट्याची कडीसुद्धा मोजली होती. डबा कोणाच्याच डोक्यात आला नाही. आणि अंगावर चढत नाही ते अन्न म्हणजे पाणी आणि चोथाच, ते हातात घेतलं की वजनदारच लागणार. हे मला शेजारणीच्या सूत्रातून तेव्हाच कळायला हवं होतं.

भावजींनी पिशवी काढून खाली ठेवली. काटा नव्व्याण्णव-सातवर आला.

बाई म्हणाल्या, "आज डबा न घेता चढाल. उद्या?"

तिथे 'उद्याही नाही नेणार' म्हटलं असतं तर सही झाली असती. भावजी म्हणाले, "उद्या नेईन. उपाशी नाही चढत मी, घरून तसं सांगितलंय. खोटं कशाला बोलू?"

"मग मी काय लिहू?" बाईंनी पेन वर धरलं.

सिग्नलवाला पुढे झाला. "मॅडम, पाने, नटबोल्ट, तेलाचे डबे आम्ही दोरीला बादली बांधून वर ओढतो. अंगावर घेऊन चढू देतच नाही. मग जेवणाच्या डब्याने काय घोडं मारलंय?"

बाईंनी नियमांचं पुस्तक काढलं. बराच वेळ वाचलं. सामान दोरीनेच वर न्यावं, असं त्यात होतंच. डबा म्हणजे सामान नव्हे, असं कुठे नव्हतं. त्या म्हणाल्या, "बाटलीसुद्धा बादलीत. रोज. एक दिवस जरी पाठीवर पिशवी दिसली, तर त्याच दिवशी गेट." आणि सही केली.

भावजींनी हे सगळं मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सांगितलं. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आवरून, येताना दही आणायला घरातला दुसरा डबा हातात घेऊन, मी पहिल्यांदाच त्या बांधकामापाशी गेले. इतकी वर्षं डबा भरला, पण तो जातो कुठे ते पाहिलं नव्हतं. रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. शिडीवर भावजी दिसले, बोटाएवढे, पाठ मोकळी. दर थोड्या पायऱ्यांनी पट्ट्याची कडी वर अडकवत चालले होते. ते काचेच्या खोलीत शिरल्यावर मग निळी बादली निघाली, जराशी गिरक्या घेत. मी मनात देवाचं नाव घेत होते, ते भावजींसाठी की राजम्यासाठी, ठाऊक नाही.

पिवळ्या टोपीचा माणूस माझ्याकडे पाहून जवळ आला. "वहिनी ना? डब्यावरून ओळखलं, तसलाच हातात आहे तुमच्या. एक विनंती होती."

"बोला."

"लाह्यांच्या जागी दुसरं काही मऊ नाही का देता येणार?"

मी विचार करते म्हटलं. वर बादली टोकाला पोचली, खिडकीतून एक हात आला आणि ती आत गेली. थोड्या वेळाने क्रेनचा लांब हात हळूच फिरायला लागला.

घरी येऊन वही उघडली आणि लिहिलं: 'डबा: बटाटे ३, दही, कांदा, अंडी २, सफरचंद १. लोणी नाही. बादलीतून वर गेला, मी पाहिला.'